पाच बेटं आणि एक पाखरू : बेटांवरच्या संवर्धनकामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्रात किंवा वनशास्त्रात पदवी झाली, आता बेटांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. मी मॉरिशस आणि सेशेल्स या दोन्ही देशांत पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रकल्पांवर काम केलंय. तिथे ज्या ज्या जातींसाठी राबले, त्यातली एकही जात एका संस्थेच्या बळावर तगलेली नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, की तुमचं काम तुमच्या बेटापुरतं कधीच नसतं. तुमच्या वहीतली नोंद दुसऱ्या बेटावरचं कुणीतरी वापरणार असतं, कदाचित दहा वर्षांनी. हे ज्याला मनापासून पटतं तो इथे रमतो.

सेशेल्स वॉर्बलर नावाच्या पक्ष्याचंच बघा. चिमणीहून जरा लहान, मातकट हिरवट रंगाचा, आवाज मात्र फार गोड. 1960च्या दशकात जगभरात याचे तीसेक पक्षी उरले होते आणि तेही कझिन या एकाच बेटावर. ते बेट 30 हेक्टरहूनही लहान आणि सगळं नारळाच्या बागांनी व्यापलेलं. 1968 साली पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफने, ते विकत घेतलं. नारळ हटवून मूळचं जंगल वाढू दिलं, आणि पक्षी तीनशेच्या वर गेले. पण तीनशे असोत की तीन हजार, सगळे एकाच बेटावर असतील तर एका बोटीतून उतरलेले उंदीर किंवा एक साथ सगळं संपवू शकते. म्हणून 1988 मध्ये 29 पक्षी सेशेल्सच्याच अरिद बेटावर नेले, 1990 मध्ये कझीन या जवळपास त्याच नावाच्या पण वेगळ्या बेटावर, 2004 मध्ये डेनिसवर आणि 2011 मध्ये फ्रेगातवर.

आता या बेटांचे कारभारी बघा. कझिन ‘नेचर सेशेल्स’ या संस्थेकडे, अरिद आयलंड कॉन्झर्वेशन सोसायटीकडे, बाकी तीन खाजगी मालकीची, तिथे हॉटेलंही चालतात. डेनिसवरच्या कामात ग्रीन आयलंड्स फाउंडेशन. शिवाय वर्षानुवर्षं संशोधन करणारी ग्रोनिंगन आणि ईस्ट अँग्लिया ही विद्यापीठं. एवढ्याशा पाखरासाठी इतकी माणसं एकमेकांना कळवत, विचारत, कधी वाद घालत कामं करतात. पक्षी सांभाळणं त्या मानाने सोपं, हे जुळवून आणणं अवघड. नवख्यांना हे कुणी सांगत नाही.

तुमच्या वाट्याला यातलं काय येतं? पक्ष्याच्या पायातल्या, प्रत्येकाची ओळख पटवणाऱ्या रंगीत कड्या वाचणं. डाव्या पायात वर कोणता रंग, खाली कोणता, उजव्यात कोणता. पानाआडून पाय दिसतो तो क्षणभर. खात्री नसेल तर रंग लिहायचा नाही, ‘दिसला नाही’ असं लिहायचं. अंदाजाने लिहिलेला एक रंग मेलेल्या पक्ष्याला कागदावर जिवंत करतो, आणि त्यावरून दुसऱ्या बेटावर किती पक्षी न्यायचे याचा हिशोब चुकतो. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच करायला लावते.

यानंतर चिचुंद्रीबद्दल बोलायला हवं, कारण बेटांवरची सगळ्यात मोठी भीती आपल्या घरातल्या प्राण्यांची आहे. मॉरिशसच्या उत्तरेला फ्लॅट आयलंड नावाचं बेट आहे. नारिंगी शेपटीची सापसुरळी जगात फक्त तिथेच उरली होती. 2010 मध्ये त्या बेटावर चिचुंद्री आढळली. आपल्या न्हाणीघराच्या मोरीतून पळते तीच. वर्षभराच्या आसपास तिथल्या सापसुरळ्या नाहीशा झाल्या. ही जात आज आहे ती एवढ्याचमुळे, की तिला जवळच्या गनर्स क्वॉइन बेटावर हलवण्याचं काम 2008 पासूनच सुरू झालं होतं आणि काही जणी इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतल्या जर्सी बेटावर, ड्यूरेल या वन्यजीव संस्थेच्या प्राणिसंग्रहालयात पोचल्या होत्या. मॉरिशसचं राष्ट्रीय उद्यान खातं, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि ड्यूरेल यांच्यात हे आधीच ठरलेलं नसतं, तर चिचुंद्री दिसल्यावर बैठक बोलावून काहीही हाती लागलं नसतं.

म्हणून बेटावर पाय ठेवण्याआधी तासन्तास सामान तपासलं जातं. सगळं पाठीवरच्या पिशव्यांतून काढून घट्ट झाकणाच्या बादल्यांत भरायचं. बुटांच्या खाचा ब्रशने घासायच्या. मोजे, खिशांचे तळ, व्हेलक्रोच्या पट्ट्या, तंबूच्या घड्या यांतून बिया, मुंग्या, पालीची अंडी शोधायची. फळं-भाज्या एकेक बघायच्या. कंटाळवाणं वाटेल, पण मी या कामाला, म्हणजे जैवसुरक्षेला, संवर्धनाचा गाभा मानते. एखाद्या उमेदवाराने अर्जात ‘मला जैवसुरक्षेचं काम आवडतं’ असं लिहिलेलं दिसलं की मला आनंद होतो.

चिचुंद्री एकटी नाही. आपल्याकडे वडाच्या ढोलीत दिसणारा पोपट मॉरिशसमध्ये स्थानिक एको पोपटाच्या ढोल्या बळकावतो. सेशेल्समध्ये तोच माहे बेटावर पसरत होता. शेजारच्या प्रालँ बेटावरच्या काळ्या पोपटांना धोका नको म्हणून सेशेल्स आयलंड्स फाउंडेशनने काही वर्षं मेहनत घेऊन माहेवरून त्याचं पूर्ण उच्चाटन केलं. साळुंकीही तिथे दुसऱ्यांच्या घरट्यांवर हल्ले करते. आपण लहानपणापासून ज्यांना दाणे टाकले ते पक्षी पकडून मारण्याच्या मोहिमेत भाग घ्यावा लागतो. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी तसं आधीच सांगावं, त्यात कमीपणा नाही. मला पहिल्या हंगामात फार जड गेलं होतं. पण एको पोपटांची संख्या 1980च्या दशकात किती थोडी उरली होती आणि आज सातशेच्या वर कशी गेली, ते जवळून पाहिल्यावर मन स्थिर झालं.

मॉरिशसच्या उत्तरेकडच्या राउंड आयलंड या बेटाबद्दल लिहायला घेतलं तर थांबवत नाही. तिथे उंदीर कधीच पोचले नाहीत, पण माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी बेटाचं रान ओरबाडून काढलं होतं. 1979 मध्ये शेवटच्या शेळ्या हटवल्या. ससे काढायला 1986 मध्ये न्यूझीलंडहून जाणकार आले, कारण बेटांवरून घुसखोर प्राणी हटवण्यात त्यांच्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता. सशांनंतर गवत आणि तण माजलं. ते खाणारी मूळची कासवं मात्र केव्हाच संपली होती. मग त्यांच्या जागी सेशेल्सच्या अल्दाब्रा जातीची महाकाय कासवं आणली गेली, आधी इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर आणि 2007 मध्ये राउंड आयलंडवर. इल ओ एग्रेतवर ती आबनूसाची फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात, त्यातून नवी रोपं उगवतात. दीडशे वर्षांपूर्वी, 1874 मध्ये, याच अल्दाब्राच्या कासवांना वाचवा म्हणून डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं होतं. आज तीच कासवं मॉरिशसचं रान सावरतायत. तिथे काम करताना हे आठवलं की मला अजून भरून येतं.

राउंड आयलंडवर उतरायचं म्हणजे हलत्या बोटीतून कातळावर उडी मारायची. समुद्र खवळला की बोट येत नाही, मुक्काम वाढतो. पिण्याच्या पाण्यावर लक्ष, सोबत्यांशी रोजचा सहवास. पोहता येणं आणि मोकळेपणाने बोलता येणं, या दोन्ही गोष्टी मी सारख्याच महत्त्वाच्या मानते.

सहकार्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका प्रकल्पात आम्ही हंगामभर घेतलेल्या नोंदी एका भागीदार संस्थेच्या अहवालात गेल्या, आणि नोंदी घेणाऱ्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. दुखतं ते. उपाय एकच : कामाला लागण्याआधी नोंदी कुणाच्या, कोण कधी वापरणार, श्रेय कसं देणार, हे लेखी मागा. नवख्या माणसानेही मागावं. चांगल्या संस्थांना याचा राग येत नाही. देणगीदारांचं तसंच. पैसा बहुतेक वेळा एका देशाला, एका प्रकल्पाला आणि ठरावीक वर्षांसाठी मिळतो. घुसखोर प्राण्यांना मुदती कळत नाहीत.

संकटात मात्र हीच माणसं धावून येतात. 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ हे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर रुतलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं, इल ओ एग्रेतच्या अगदी जवळ. बेटावरच्या रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपं हलवली गेली आणि दक्षिणेकडच्या बेटांवरच्या छोट्या पाली व सापसुरळ्या राखीव म्हणून जर्सीला विमानाने पोचल्या. कोरोनाच्या बंदीत, विमानं मोजकी असताना. ज्यांचे आधीपासून एकमेकांशी लागेबांधे होते त्यांनाच हे जमलं.

भाषेची तयारी करा. फ्रेंच थोडी तरी यावी, क्रिओल तिथे गेल्यावर कानावर पडून येते. नावाडी, माळी, स्वयंपाकघरातली माणसं यांच्याकडून बेट कळतं, आणि ती क्रिओल बोलतात. मॉरिशसमध्ये आपल्याला आणखी एक घर मिळतं. कोकणातून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कास्काव्हेल गावात गणपतीला गेले तेव्हा आरतीनंतर जंगलाचा विषय निघाला. पेरूच्या घुसखोर झुडपांबद्दल मी बोलायला लागले, तर बायकांनी कोणत्या डोंगरावर ती कधीपासून वाढली ते मलाच सांगितलं. अशी माहिती कागदावर उतरवून प्रकल्पापर्यंत पोचवा.

इथून तयारी कशी करायची? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे गावकऱ्यांसोबत समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि गाव, संस्था व वनखातं एकत्र कसं काम करतं हे तिथे शिकता येतं. सेशेल्समध्ये चोचवाली समुद्री कासवं दिवसाढवळ्या अंडी घालायला वाळूत येतात, आपल्याकडे रात्री जागावं लागतं, पण घरटं मोजण्याची आणि खूण करण्याची शिस्त तीच. आपला देशही हिंदी महासागरातल्या समुद्री कासवांसाठीच्या सामंजस्य करारात आहे, म्हणजे वेळासची तुमची वहीसुद्धा याच जाळ्यातली. पक्ष्यांना कड्या घालण्याचं प्रशिक्षण जिथे मिळेल तिथे घ्या. जीपीएस, साधी सांख्यिकी, प्रथमोपचार, बोटीवरचं काम, यांतलं जे येतं तेच अर्जात लिहा, आणि किती येतं तेही लिहा.

पैशाचं स्पष्ट सांगते. सुरुवातीच्या जागा बऱ्याचदा स्वयंसेवकाच्या असतात. राहणं-जेवण किंवा थोडा भत्ता मिळतो, विमानाचं तिकीट आपलं. घरी जबाबदारी असेल तर लगेच जाऊ नका. आधी इथे एखाद्या प्रकल्पावर पगारी काम करा, शिष्यवृत्त्या शोधा, मग जा. दोन वर्षं उशीर झाल्याने कुणाचं बिघडलेलं मी पाहिलं नाही.

मॉरिशसमध्ये बऱ्याच पक्ष्यांची वीण सप्टेंबरच्या आसपास सुरू होते, म्हणून अर्ज आपल्या उन्हाळ्यातच पाठवा. परवान्याच्या कागदपत्रांना वेळ लागतो. मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा : या जातीवर आणखी कोण काम करतं, त्यांच्याशी किती वेळा बोलणं होतं, आणि माझ्या वह्या मी गेल्यावर कुणाकडे जातील.