बॅटरी उतरलीय का ते घरीच बघा की, मीटर लावून
पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं आठ-आठ दिवस गाडी दारातच पडून असते आणि मग चोर्ला घाटानं गोव्याला जायचं म्हणून सकाळी चावी फिरवली की नुसतं टकटकटक. माझं दोनदा असं झालंय, म्हणून आता मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) घेऊन ठेवलाय, साधा चालतोय, भारीतला नको.

रात्री गाडी बंद करून सोडायची, सकाळी चालू करायच्या आधी चेक करायचं, कारण गाडी फिरवून आल्या आल्या बघितलं तर आकडा उगाच जास्त दाखवतो आणि आपण खूश होऊन बसतो. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ च्या वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ ला निम्मी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्जिंगला लावा बघा.

मग इंजिन चालू करून परत बघायचं. साधारण १३.७ ते १४.७ आलं तर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा, बरोबर आहे. (नव्या काही गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, घाबरू नका.) पण चालू गाडीतपण १२ च्या आसपासच असेल तर बॅटरी चार्जच होईना, नवी घालून काय उपयोग? आधी बेल्ट आणि अल्टरनेटर दाखवा. स्टार्टर मारताना कुणालातरी मीटर बघायला सांगा, ९.६ च्या खाली पडला तर बॅटरी म्हातारी झालीय किंवा टर्मिनलवर पांढरं साचलंय, ते गरम पाण्यानं धुवून टाका, मायनसची वायर आधी काढून.