स्लायडर मस्क टर्टलची शेपटी चावत होता: शेवटी काय लागू पडलं

लक्षणं अशी: मस्क टर्टल (छोटं पाळीव पाणकासव) खायचं सोडून कोपऱ्यात दडायचं, शेपटी आणि मागच्या पायांवर चाव्याच्या जखमा. सोबतीला त्याच टाकीत रेड-इअर्ड स्लायडर, कानाजवळ लाल पट्टा असलेलं मोठं पाणकासव. आधी खाणं वाढवलं, दगड-झाडं घातली, मग मधे जाळी लावली. स्लायडर जाळीपाशीच घुटमळायचा, मस्क तरीही उपाशी. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

कारण स्वभावातच आहे. स्लायडर दमदार पोहणारा, मादी २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. मस्क जेमतेम १०-१३ सेंटिमीटरचं, तळाशी चालणारं. टाकी मोठी करून हे मिटत नाही.

उपयोगी पडलेला क्रम: आधी मस्कला कोरड्या टबात घेतलं. जखमेला पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकंच, लावून तासभर कोरडं ठेवलं. (जखम खोल किंवा सुजलेली असेल तर आधी पशुवैद्य.) मग म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या रुंद, अपारदर्शक टबात कायमची सोय केली. पाणी उथळ, मान वर केली की नाक बाहेर येईल एवढंच. लपायला कौल, चढायला दगड, वर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा. फिल्टर आणि हातातली जाळीही दोघांची वेगळी. दोघं एकमेकांना दिसता कामा नयेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. मस्क आठवड्याभरात खाऊ लागलं.

नको झालेला स्लायडर तळ्यात किंवा मांडवीत सोडू नका, तो इथल्या कासवांच्या मुळावर येतो. आणि पावसात शेतात सापडणारं देशी कासव घरी आणूच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.