पडवीतल्या कुंड्या: कोकणच्या पावसात टिकणारी झाडे

कोकण किनारपट्टीवर पडवीत किंवा खळ्यात कुंड्या मांडायच्या असतील, तर झाडांची निवड उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याचा विचार करून करावी. येथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उन्हाने मलूल झालेले झाड पाणी मिळताच बहुधा सावरते. साचलेल्या पाण्यात मुळे कुजलेले झाड मात्र क्वचितच वाचते.

पावसाची झड जिथे थेट येते तिथे जास्वंद, क्रोटन, गवती चहा आणि अळू ठेवावेत. सावलीच्या कडेला अबोली उत्तम येते, आणि नवशिक्याने पहिले झाड म्हणून तिचीच निवड करावी असे मी आग्रहाने सांगेन. कोरफड, पानओवा आणि स्नेक प्लांट यांच्या पानांत पाण्याचा साठा असल्याने त्यांना पावसाळाभर छपराखालीच ठेवावे. घर समुद्राच्या अगदी तोंडावर असेल, तर खारा वारा सोसणारी बोगनवेल आणि सदाफुली लावावी; सदाफुलीच्या मुळांशी मात्र पाणी साचू देऊ नये. कण्हेरही हा वारा सोसते, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी ती टाळलेली बरी.

आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती नुसतीच कुंडीत भरली, तर काही दिवसांत ती घट्ट बसते. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) असे मिश्रण करावे. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असल्यास कोकोपीटमध्ये मीठ उरते, त्यामुळे ते गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊनच वापरावे. किनाऱ्यावरची वाळू कधीही मिसळू नये. कुंडीच्या तळाशी मोकळी छिद्रे हवीतच. शिवाय कुंडी चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवली, म्हणजे पाणी निर्वेध वाहून जाते. पागोळ्यांच्या रेषेपासून कुंड्या हातभर आत घ्याव्यात, कारण वरून सतत पडणारी धार माती धुऊन मुळे उघडी पाडते. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाकाव्यात, नाहीतर त्यांत डासांची पैदास होते.

पाणी घालण्यापूर्वी बोटाच्या दोन पेरांइतकी माती चाचपून ती कोरडी असेल तरच घालावे. मे महिन्यात लहान कुंड्यांना सकाळ-संध्याकाळही लागते. धुवाधार पावसात घातलेले खत वाहून जाते, म्हणून दसऱ्यानंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत द्यावे. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावे. पावसाळ्यात कोवळी पाने कुरतडणाऱ्या गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचून काढाव्यात.