मिरजेला गाडी बदलता येते, तर दोह्यात विमानही बदलता येतं

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतून दर उन्हाळ्यात एखादं तरी जोडपं परदेशी निघतं. मुलीचं बाळंतपण असतं, नाहीतर मुलाने नवं घर घेतलेलं असतं. निघायच्या महिनाभर आधी संध्याकाळी कुणीतरी दार वाजवतं आणि चहा येईपर्यंत मूळ प्रश्न बाहेर पडतो : "काकू, ते मधलं विमानतळ फार मोठं असतं म्हणे. चुकलो तर?" शिकागोची भीती कुणालाच नसते, कारण तिथे पोरगा घ्यायला येणार असतो. भीती असते ती मधल्या दुबईची, दोह्याची, फ्रँकफुर्टची. मी स्वतः एकदा रीतसर चुकलेली असल्यामुळे या विषयात मला गल्लीत मान आहे. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

तयारी बॅगेपासून नाही, तिकिटापासून सुरू करायची. मुलाने पाठवलेलं तिकीट मोबाइलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका. एक फुलस्केप कागद घ्या आणि चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात प्रत्येक विमानाचा क्रमांक, तारीख, टर्मिनल, सुटायची आणि पोचायची वेळ स्वतःच्या हाताने लिहा. स्वतःच्या हाताने लिहिलं की घोळ आपोआप दिसतो. पहिला घोळ तारखेचा. मुंबईतून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि पहाटे २.४० असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्री ११ ला हजर व्हायचं. सांगली-मुंबई अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. जेवण, चहा आणि खंडाळ्याच्या घाटातली कोंडी धरली तर १४ ला दुपारी १२ च्या आत पेठ नाक्याच्या दिशेने गाडी हललीच पाहिजे. आमच्या ओळखीतले एकजण १५ च्या दुपारी निघायच्या बेतात होते. आदल्या दिवशी सकाळी जावयाने सहज फोन केला, "निघालात का?", म्हणून वाचले.

दुसरं बघायचं ते विमानतळाचं नाव. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा एनएमआय. दोन्हींच्या मध्ये अख्खं शहर आणि खाडी आहे. बीओएम असेल तरी टर्मिनल वाचा. परदेशी विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून जातात. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत विमानाने जायचा मोह होतो. जा, पण ते तिकीट पुढच्या तिकिटाला जोडलेलं आहे का ते विचारा. वेगळं काढलेलं असेल आणि कोल्हापूरचं विमान उशिरा आलं, तर पुढची कंपनी तुमची वाट बघायला बांधलेली नसते.

आता मधल्या थांब्याचा वेळ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दोह्यात ४.१० ला उतरून ८ ला पुढचं विमान असेल, तर हातात तीन तास पन्नास मिनिटं, हिशेब संपला. फक्त मनगटावर सांगलीची वेळ असते. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. आमच्या ह्यांचं जुनं एचएमटी आहे, त्याचे काटे मागे फिरवलेले त्यांना चालत नाहीत, यंत्र बिघडतं म्हणे. दोह्यात आम्ही बाकावर बसलो होतो आणि हे एकदम ताडकन उठले. घड्याळात आठ वाजून पाच. "गेलं! विमान गेलं!" शेजारच्या केरळच्या नर्सबाईंनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, तेव्हा तिथे साडेपाच वाजले होते. तेव्हापासून माझ्या यादीत आहे : चाकं जमिनीला टेकली की घड्याळाचे काटे मागे, यंत्र गेलं खड्ड्यात.

साठीच्या पुढच्यांनी तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये, असं माझं मत. मुलं सव्वा तासाचं कनेक्शन काढतात, कारण ती धावू शकतात. त्यांना तिकीट काढण्याआधीच सांगा. नुसतं विमान बदलायलाही काही देशांत ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि हे नियम बदलत राहतात. तेव्हा तिकीट काढतानाच विमान कंपनीला लेखी विचारून घ्या.

व्हीलचेअरबद्दल बायका कानात विचारतात, लाज वाटते म्हणून. पाय धड असताना खुर्चीत बसणं मलाही पटत नाही. पण गुडघे दुखत असतील तर मोठ्या विमानतळावरचं चालणं कमी नाही. सरकते पट्टे धरूनसुद्धा पाऊण तासाची पायपीट होऊ शकते. किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, अशांसाठीचा प्रकार डब्ल्यूसीएचआर. तो तिकिटावर नोंदला गेला का ते बघा. आणि सरकत्या जिन्याची भीती असेल तर ती घरूनच घालवून जा. मी माझ्या जावेला कोल्हापूरच्या मॉलमध्ये नेऊन एका दुपारी नऊ वेळा वरखाली केलं. नवव्या वेळी तिने निऱ्या धरणं सोडून कठडा धरला.

सामान भरताना सगळं डोकं वजनावर खर्च होतं. रद्दीवाल्याच्या काट्यावर बॅग टांगून झाली की आपण सुटलो, असं वाटतं. खरी गोम आतल्या पुडीत असते. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस नको. यूएईमध्ये ती अंमली पदार्थांत धरतात. नुसती पुडी काढून भागत नाही, अनारसे खसखशीवर थापलेले असतात हे लक्षात ठेवा. मुलीला अनारसे हवेच असतील तर तिला अनारशाचं पीठ न्या, खसखस तिची ती बघेल. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते धोकादायक मालात धरतात. हळद, बेदाणे, भडंग खुशाल न्या. लोणचं, तूप, ओली चटणी हातातल्या बॅगेत ठेवू नका. तपासणीत ते पातळ पदार्थ ठरतात आणि पातळ पदार्थाला १०० मिलीलीटरच्या वरची बाटली चालत नाही. पॉवर बँक मात्र उलट : ती हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ भरते. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही हातातच.

मोबाइलची तयारी अर्ध्या तासाची आहे, पण लोक ती गाडीत बसल्यावर करतात. तिकीट, व्हिसा, बोर्डिंग पास यांचे फोटो गॅलरीत हवेत, म्हणजे इंटरनेट नसलं तरी उघडतात. मधल्या विमानतळाचा नकाशाही तसाच साठवा. फुकटचं वाय-फाय कधी कधी ओटीपी मागतं, म्हणून रोमिंग सुरू ठेवा. दुबईत उतरून व्हॉट्सॲप कॉल लावाल तर लागणार नाही. तिथे त्यावरून बोलायला बंदी आहे, लिहिलेला मेसेज जातो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर सांगलीत रात्रभर कुणी झोपत नाही. आणि दुबई-दोह्याला चार्जरसाठी इंग्लंडसारखी चौकोनी तीन पिनांची सॉकेट असतात, तो जोड इथूनच घ्या.

मुंबईबद्दल फार लिहीत नाही. पोचवायला आलेल्यांना आत जाता येत नाही, तेव्हा दोन गाड्या भरून माणसं नेऊ नका. चेहरा दाखवून आत सोडणाऱ्या डिजियात्रा ॲपचा परदेशी प्रवासात उपयोग नाही. आणि पूर्वी भरायला लागायचा तो इमिग्रेशनचा फॉर्म शोधत बसू नका, भारतीयांसाठी तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला. एकच गोष्ट काउंटरवर डोळ्यांत तेल घालून बघा : बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर शेवटच्या गावाची तीन अक्षरं आहेत का. शिकागोसाठी ती ओआरडी असतात. शिकागोच्या नावाशी न जुळणारी अक्षरं, कारण तिथल्या विमानतळाचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड. पट्टीवर ओआरडी असेल तर दोह्यात बॅगेचा विचारसुद्धा करायचा नाही. अमेरिकेत आत आणखी एक विमान असेल तर मात्र तिथे पहिल्या विमानतळावर साधारणपणे बॅग स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते.

आता ज्यासाठी तुम्ही दार वाजवता ते. सांगलीचा माणूस पंढरपूरला निघाला की मिरजेला गाडी बदलतो. एकेकाळी त्या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या येत, आणि तरी आपल्या आज्या बोचकी घेऊन बरोबर गाडीत चढत. कशा? गर्दी बघून. गर्दी जिकडे वळते तिकडे जिना असतो, आणि नाहीच कळलं तर हमालाला विचारायचं. मोठ्या विमानतळावर ही सवय नडते. तुमच्या विमानातली सगळी माणसं तुमच्याबरोबर पुढे जाणारी नसतात. अर्धी त्या गावी उतरणारी असतात आणि तीच जास्त घाईत चालतात. पहिल्या खेपेला आम्ही एका विमानतळावर समोरच्या धोतरवाल्या गृहस्थांच्या मागे गेलो, कारण त्यांची चाल ठाम होती. पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि विचारलं, "इथे किती दिवस राहणार?" आम्ही त्या देशात शिरायच्या रांगेत होतो. धोतरवाले गृहस्थ मुलाकडे राहायला आले होते.

म्हणून विमानातून उतरलात की माणसांकडे नाही, छताखालच्या पाटीकडे बघा. ट्रान्सफर, ट्रान्झिट, कनेक्टिंग फ्लाइट्स, फ्लाइट कनेक्शन्स, ही सगळी एकाच गोष्टीची नावं आणि ती आपली. अरायव्हल्स, बॅगेज क्लेम, एक्झिट ही आपली नाहीत. हे शब्द इंग्रजीत त्या फुलस्केपच्या मागे लिहून न्या, दोन खाने करून. वाटेत पुन्हा सुरक्षा तपासणी बहुतेक होतेच. पाण्याची बाटली तिच्याआधी रिकामी करा, पुढे भरून घ्या. एक अपवाद मात्र आहे. फ्रँकफुर्टहून पुढे युरोपातल्याच शेंगेन देशात (म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांपैकी एकात), समजा रोमला, जायचं असेल तर पासपोर्टची रांग फ्रँकफुर्टलाच लागते. तिथे ती रांग बरोबर असते.

तपासणीनंतर पहिला मोठा स्क्रीन गाठायचा. त्यावर शहराचं नाव शोधू नका, विमानाचा क्रमांक शोधा. एका शहराला दिवसात चार विमानं असतात, आणि एकाच विमानाला दोन-तीन कंपन्यांचे क्रमांक असतात. तुमच्या बोर्डिंग पासवरचा क्रमांक जुळला की शेजारचं गेट कागदावर लिहा. गेट दिसत नसेल तर घाबरू नका, वेळ जवळ आल्याशिवाय ते जाहीरच करत नाहीत. लिहिल्यावरही दर अर्ध्या तासाने पुन्हा बघा, गेट बदलतं. अनेक मोठ्या विमानतळांवर आता ध्वनिक्षेपकावरून पुकारा होत नाही. तुमचं नाव कुणी हाकारेल या भरवशावर डुलकी काढू नका.

गेटचं पहिलं अक्षर म्हणजे फलाट. दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये ए, बी, सी असे भाग आहेत आणि ए ला जायला बिनचालकाची गाडी पकडावी लागते. फ्रँकफुर्टला ए आणि झेड ही अक्षरं वर्णमालेची दोन टोकं, पण गेट एकाच इमारतीत एकावर एक. दोह्यात गाडी टर्मिनलच्या आतूनच धावते आणि मधल्या मोठ्या दालनात एक प्रचंड पिवळं अस्वल बसलंय, डोक्यातून दिवा निघालेलं. चुकामूक झाली तर अस्वलापाशी, असं आम्ही विमानातच ठरवून टाकलं होतं. दुबईत असं काही नाही, तिथे स्वच्छतागृहाच्या दाराशी थांबायचं ठरवा. दुकानांच्या दिशेने एकट्याने जायचं नाही, विशेषतः पुरुषांनी. आमचे हे कॅमेरे बघायला गेले आणि पंचवीस मिनिटं सापडले नाहीत.

कुणाला विचारायचंच असेल तर गणवेशातल्या माणसाला विचारा आणि तोंडाने सांगण्याऐवजी बोर्डिंग पास पुढे करा. तो गेटच्या दिशेला हात करेल. गेट नजरेत आलं, आकडा जुळला, की आधी दोघांनी बसायचं. मग एकाने पाणी भरून आणायचं. दशम्यांचा डबा तिथेच उघडा आणि कांदा बरोबर असेल तर तोही संपवा. अमेरिकेत ताजी फळं-भाज्या जाऊ देत नाहीत, आणि लसणाच्या चटणीचा वास बंद विमानात सोडण्यापेक्षा या मोकळ्या दालनात सोडलेला बरा.