कोऱ्या मॉडेल इंजिनासाठी रंगसंगती कशी निवडावी

कोरं, बिनरंगाचं इंजिन हातात आलं की आवडता रंग लगेच ठरवून टाकावासा वाटतो. थोडं थांबा. आधी बॉडी दिव्याखाली धरून नीट पाहा, कारण निम्मा निर्णय तिच्यावरच कोरलेला असतो.

नाक (केबिनपुढचा भाग) उंच आहे की बुटकं, छतावर डायनॅमिक ब्रेकचा (मोटरींनीच वेग कमी करणाऱ्या ब्रेकचा) उंचवटा आहे का, पंखे किती, टाकी केवढी, हे सगळं लिहून काढा. अमेरिकेतलं एसडी४०-२ हे डिझेल इंजिन बहुतेक रेल्वेंनी बुटक्या नाकाचं घेतलं. सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न यांनी मात्र उंच नाकाचं मागवलं. उंच नाकाच्या बॉडीवर युनियन पॅसिफिक रेल्वेचा पिवळा-राखाडी कितीही सफाईने चढवला, तरी जाणकाराच्या डोळ्यांना तो खुपणारच.

मग काळ ठरवा. ब्रिटिश रेल्वेची हिरवी डिझेल इंजिनं १९६५ पासून हळूहळू निळी होत गेली. तुमचे डबे १९६० सालचे असतील, तर निळं इंजिन त्यांच्यापुढे जोडता येणार नाही. काही रंगसंगती तर सालच सांगतात. सदर्न पॅसिफिक आणि सांता फे या अमेरिकेतल्या दोन रेल्वे एक होणार म्हणून १९८०च्या दशकात दोघांची कित्येक इंजिनं लाल-पिवळ्या-काळ्या रंगात रंगवली गेली. सदर्न पॅसिफिकच्या इंजिनांवर ‘एसपी’ लिहून ‘एसएफ’साठी जागा मोकळी ठेवली होती. १९८६ साली विलीनीकरणाला नकार मिळाला आणि जागा मोकळीच राहिली. मला ही रंगसंगती फार आवडते. अर्धवट राहिलेल्या त्या नावात अख्खी गोष्ट आहे.

रेल्वे आणि काळ ठरला की एकाच क्रमांकाच्या इंजिनाचे फोटो शोधा, दोन्ही बाजूंचे आणि जमल्यास छताचाही. रंग विकत घेण्याआधी तुमच्या स्केलमध्ये (मॉडेलच्या प्रमाणात, जसं १:८७) त्या रंगसंगतीची डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं आणि पट्टे, मिळतात का, ते पाहा. इतकी बारीक अक्षरं हाताने रंगवणं जवळजवळ अशक्य असतं.

आता आपल्या हाताचा अंदाज घ्या. खऱ्या इंजिनावरचा १० सेंटीमीटरचा पट्टा १:८७ मध्ये जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आत येतो, १:१६० मध्ये तर ०.६ मिलिमीटर. तो दारांच्या बिजागऱ्यांवरून आणि झडपांवरून जात असेल, तर मास्किंग टेप तिथे पूर्ण चिकटत नाही. माझ्या पहिल्या पिवळ्या पट्ट्याची टेप काढली, तेव्हा प्रत्येक झडपेखाली रंग झिरपून कंगव्यासारखे दाते उमटले होते. तेव्हापासून टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ हात मारतो. फटी त्या रंगाने बुजतात. तो वाळला की पट्ट्याचा रंग. पहिल्या इंजिनासाठी एकरंगी बॉडी आणि डिकॅलचे पट्टे असलेली रंगसंगतीच घ्या. सांता फेचं लाल-चंदेरी ‘वॉरबॉनेट’ कितीही खुणावत असलं, तरी नाकावरून वळत जाणाऱ्या त्याच्या रेषा तिसऱ्या-चौथ्या इंजिनासाठी राखून ठेवा.

पिवळा किंवा लाल निवडलात तर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) पांढरा किंवा फिकट हवा. गडद प्लॅस्टिकवर पिवळा मळकट दिसतो. फिकट रंग आधी, गडद नंतर. काळं इंजिन हवं असेल तर शुद्ध काळ्याऐवजी काळपट राखाडी वापरा, नाहीतर रिव्हेट आणि जाळ्या दिसेनाशा होतात.

शेवटी प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर ठरवलेले रंग शेजारी-शेजारी द्या, पूर्ण वाळू द्या आणि तो तुकडा लेआउटवर (मॉडेलच्या रुळांच्या मांडणीवर), तिथल्याच दिव्यांखाली, डब्यांना टेकवून ठेवा. दोन-तीन दिवस येता-जाता पाहा. तरीही आवडला तर रंगवण्याआधी बॉडी धुवायला घ्या.