उन्हाळ कांद्याआधी जुना पिकअप घेताय? आधी चेसिस बघा, मग इंजिन

उन्हाळ कांदा निघायला अजून महिना-दीड महिना आहे. लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात आवक वाढली की भाड्याच्या गाड्या मिळेनाशा होतात आणि तेव्हाच जुन्या पिकअपचे भावही चढतात. स्वतःची गाडी घ्यायचा विचार असेल तर फेब्रुवारीतच घ्या, म्हणजे तपासायला आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. हंगामात घाईने घेतलेली गाडी नेमकी माल भरलेला असतानाच बंद पडते.

मॉडेल आणि रंग बघण्याआधी वजनाचा हिशेब करा. ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्यात २ फूट उंच मोकळा कांदा भरला तर ९९ घनफूट होतात. घनफुटाला साधारण १७ किलो धरले तरी माल १,६८० किलो होतो. सव्वा टनाच्या पिकअपवर हा भार तब्बल चार क्विंटलने जास्त झाला, तोही फाळक्याच्या वर ढीग न लावता. टोमॅटोचे २० किलोचे १०० क्रेट म्हणजे मालच २ टन, क्रेटचं वजन वेगळं. गाडीची खरी क्षमता आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) कळते. मालासकट मंजूर असलेल्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा. उरलं त्यातच चालक, हमाल, ताडपत्री आणि माल बसला पाहिजे. विक्रेता ‘दोन टन सहज ओढते’ म्हणाला, तर गाडी इतके दिवस दोन टन ओढत आली आहे असा त्याचा अर्थ घ्या.

रोजचा भाजीपाला किंवा दुधाचे कॅन, पाच-सात क्विंटलच्या आत आणि सपाट रस्त्याने १५-२० किलोमीटर न्यायचे असतील तर छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, पुरतो. ती २००५ मध्ये बाजारात आली ७०२ सीसीच्या दोन सिलिंडर डिझेल इंजिनावर. भरलेल्या मालानिशी रोज घाट चढायला ते इंजिन घेऊ नका. एक ते दीड टनाला बोलेरो पिकअप किंवा अशोक लेलँड दोस्तच्या वर्गातली गाडी बघा. दोन टनांच्या पुढे नियमित माल असेल तर टाटा ४०७ बरी. १९८६ पासून रस्त्यावर असल्याने तिचे सुटे भाग आणि जाणकार मेस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतात. मात्र वर्षातल्या चार मोठ्या खेपांसाठी मोठी गाडी घेऊ नका, त्या चार खेपांना भाड्याचा ट्रक स्वस्त पडतो. ट्रॉली ओढायचं काम ट्रॅक्टरकडेच राहू द्या. पिकअपच्या मागच्या आडव्या पट्टीला हूक वेल्ड करून भरलेली ट्रॉली जोडली की पट्टी फाटते, आणि उतारावर तेवढं वजन गाडीचे ब्रेक थांबवू शकत नाहीत.

आता गाडीखाली शिरा. सोबत टॉर्च, छोटी हातोडी आणि अंथरायला पोतं ठेवा. इंजिन उघडून बांधता येतं, पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलता येतात, पण वाकलेली किंवा तडकलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पूर्ववत होत नाही. केबिनच्या मागे, मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे चेसिसवर बोट फिरवा. वेल्डिंगची जाड रेघ, वर ठोकलेली पट्टी किंवा फक्त तेवढ्याच भागाला मारलेला ताजा काळा रंग दिसला तर तिथे काहीतरी झाकलेलं आहे. ज्या गाडीने खतं, मीठ किंवा मासळी वाहिली असेल, किंवा जी किनारपट्टीवर फिरली असेल, तिची चेसिस हातोडीने टकटक करून पाहा. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. बद्द आवाज आला आणि पापुद्रे गळले, तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

पाटे मोजा आणि दोन्ही बाजू ताडून पाहा. कंपनीपेक्षा जास्तीचा पाटा घातलेला असेल तर गाडीवर नेहमी जादा भार टाकला जायचा. पाटा वाढवला म्हणून अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक मोठे होत नाहीत, मार तिथेच बसतो. मागचे टायर आतल्या बाजूनेच झिजले असतील तर अ‍ॅक्सलचं हाऊसिंग वाकल्याची शंका घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करून मागून बघा. एक बाजू खाली बसलेली असेल तर मेन पाटा किंवा सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो.

पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा किंगपिन गेलेली असते, काही मॉडेलमध्ये बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे ढिलं लागलं तर टाय रॉडचं टोक. नेमकं कुठलं, हे मेस्त्रीला त्याच वेळी ओळखायला सांगा. ब्रेकचं पेडल एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर किंवा अ‍ॅक्सलचा सील. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी खूप दिसत असली तरी सहा-सात वर्षं जुना, भेगाळलेला टायर भरल्या गाडीखाली उन्हाळ्यात फुटतो. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर पुढे कधीच लावू नका.

इंजिन थंड असतानाच बघायचं. आदल्या दिवशी विक्रेत्याला सांगून ठेवा आणि गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलंय. इंजिन थंडच असताना रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहा. गरम रेडिएटर उघडू नका, वाफ तोंडावर येते. चालू केल्यावर निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर बहुतेकदा एअर फिल्टर किंवा इंजेक्टरचा असतो आणि तो दोष परवडणारा असतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. इंजिन हळू चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून नुसतं वर ठेवा. ते उडू लागलं, भकाभक वाफ बाहेर आली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करायचा.

मग हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लचप्लेट घसरतेय. थोडं पुढे-मागे करताना ‘टक’ असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला आहे, हे काम स्वस्तात होतं. वेग धरताना मागून सतत घरघर येत असेल तर ते डिफरन्शियलचं दुखणं आणि ते महाग.

रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते. खरी परीक्षा भाराने होते. ५० किलोच्या २० गोण्या, म्हणजे एक टन, भरून १५ किलोमीटर आणि एक तरी चढ चढवून बघा. चढावर तापमानाचा काटा वर सरकत राहिला, दुसरा गिअर निसटला किंवा उताराला ब्रेक एका बाजूला ओढू लागला, की बोलणी तिथेच थांबवा. विक्रेता भार टाकू देत नसेल तर गाडी घेऊ नका. हप्ते थकले म्हणून ओढून नेलेल्या गाड्यांच्या लिलावात चालवून बघायला मिळत नाही, म्हणून पहिलीच गाडी घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून आले. त्यानंतरच्या गाड्यांत सेन्सर जास्त आणि बऱ्याच मॉडेलमध्ये धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर ती जाळी काजळीने तुंबते. शेत ते गाव एवढ्याच कामाला बीएस-४ किंवा त्याआधीची गाडी सोपी पडते.

कागदांत आळस नको. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील तर परत फिरा. फायनान्सचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कंपनीचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परिवहनच्या पोर्टलवर ई-चलान, विमा, फिटनेस आणि कराची मुदत तपासा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि गाडी जुनी होईल तसं त्याचं शुल्क बरंच वाढतं, तेव्हा १४ वर्षांची ‘स्वस्त’ गाडी घेताना पुढची वर्षं हिशेबात धरा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ‘नंतर बघू’ म्हटलं की पुढचा अपघात जुन्या मालकाच्या नावावर आणि भांडण तुमच्या दारात. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. ४०७ ला लागतं. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. कांदा काढणीच्या मजुरांना मागे हौद्यात बसवून नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी त्यांची भरपाई नाकारू शकते, आणि घरातली माणसं उघड्यावर पडतात.

गाडीच्या किमतीच्या निदान १५ टक्के रक्कम बाजूला ठेवून मगच सौदा करा. घरी आणल्यावर इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, रेडिएटरचं कूलंट, ब्रेक ऑइल आणि डिफरन्शियलचं ऑइल एकदाच बदला. जुन्या मालकाने कधी बदललं यावर विसंबू नका. चाकांची बेअरिंग उघडून नवीन ग्रीस भरा. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ दर आठवड्याला सोडा. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा आवळा, कारण नव्याने बसवलेले पाटे भाराखाली दबतात आणि बोल्ट ढिले होतात.