सैन्यात जाऊ का? आधी वयाचा हिशेब मांडा

सैन्यात जाऊ का, असं विचारायला येणाऱ्या पोराला मी आधी त्याचं वय विचारतो. उंची, छाती, धावणं हे सगळं नंतर. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गावी परतल्यापासून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतं. सोबत बाप असतो, आणि तो माझ्या तोंडून ‘पाठवा बिनधास्त’ एवढंच ऐकायला आलेला असतो. बापासमोर पोराच्या मनातलं काही कळत नाही. म्हणून बापाला ओसरीवर बसवतो आणि पोराला घेऊन रानाकडे जातो.

वय आधी, कारण फौजेचे रस्ते वयाप्रमाणे बंद होत जातात आणि त्यातला सगळ्यात चांगला रस्ता सगळ्यात आधी बंद होतो. एनडीएसाठी, म्हणजे बारावीनंतर थेट अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं हे वय. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते आणि बारावीत शिकत असतानाच अर्ज भरता येतो. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते; नौदल आणि हवाई दलाला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. लेखी ९०० गुणांची, त्यात ३०० गुणांचं गणित. म्हणजे कला शाखेच्या पोरालाही गणिताचा अभ्यास चुकत नाही. लेखी पास झालं की एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत, तीही ९०० गुणांचीच. तीन वर्षं खडकवासला, एक वर्ष डेहराडून, आणि पोरगं लेफ्टनंट होऊन बाहेर पडतं. आमच्याकडची पोरं सिंहगडाला जातात तेव्हा धरणापलीकडे ही एनडीए असते. पण ‘ते आपल्यासारख्यांचं काम नाही’ असं घरात आधीच ठरलेलं असतं. कोणी ठरवलं, विचारा. उत्तर मिळत नाही.

दहावीला चांगले गुण असतील आणि इंग्रजीची भीती वाटत असेल, तर ती भीती दोन वर्षांत जाते. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ती १९७७ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना याच परीक्षेसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली आहे. नाशिक रोडला एसएसबीच्या तयारीचं सरकारी केंद्र आहे, तिथे राहणं, जेवण आणि प्रशिक्षण सगळं फुकट. चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. हे कार्यालय जिल्ह्याच्या गावी कुठे आहे, हे निम्म्या पोरांना ठाऊक नसतं. खाजगी अकादमीचा फ्लेक्स मात्र प्रत्येक एसटी स्टँडवर दिसतो.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण जवान आणि अधिकारी ही एकाच नोकरीची खालची-वरची पायरी नव्हे. दोन वेगळी आयुष्यं आहेत. पगार वेगळा, मेस वेगळा, मुलांच्या वाट्याला येणारं जग वेगळं. अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. जवान म्हणून आत जाऊन पुढे अधिकारी झालेले लोक मी पाहिलेत, नाही असं नाही. पण सतराव्या वर्षी बसून एक पेपर लिहिणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं. पदवीनंतर सीडीएसचा, म्हणजे पदवीधरांसाठीच्या अधिकारी-परीक्षेचा मार्ग उरतो, तोही पंचविशीच्या आत.

आता अग्निवीर. आम्ही भरती झालो तेव्हा पंधरा वर्षांची नोकरी झाली की पेन्शन पक्की, हे घरातल्या म्हातारीलाही पाठ होतं. अजूनही गावात काका-मामा तोच हिशेब सांगतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि तो हिशेब संपला. आता जवानाची भरती चार वर्षांची, आणि असा जवान म्हणजे अग्निवीर. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले तीस टक्के सेवानिधीत कापले जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. जेवढे तुमचे कापले तेवढेच सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. विमा ४८ लाखांचा. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाच्या सवलती नाहीत.

म्हणून मी पोराला विचारतो, ‘पाचव्या वर्षी काय करणार?’ कायम होईन, हे उत्तर मी धरत नाही. चारातले तीन परत येणार, तुम्ही त्या तिघांतले आहात असं समजून बोला.

इथेच वयाचा हिशेब कामाला येतो. अठराव्या वर्षी आत गेलेला बाविसाव्या वर्षी बाहेर पडतो. महाराष्ट्र पोलीस भरतीची वयाची अट खुल्या वर्गाला अठ्ठावीस आहे, राखीव वर्गांना त्याहून पुढे. सीआरपीएफसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण दिलेलं आहे. हातात दहा-अकरा लाख, अंगात शिस्त, आणि पुढच्या भरतीसाठी पाच-सहा वर्षं शिल्लक. हा व्यवहार चांगला आहे. तोच पोरगा एकविसाव्या वर्षी, तीन वर्षं अकादमीत घालवून, आत गेला तर पंचविसाव्या वर्षी बाहेर येतो. शिक्षण बारावीवर अडकलेलं, घरी लग्नाची घाई. अशाला मी स्पष्ट सांगतो, पोलीस भरतीकडे वळ. तिथेही १६०० मीटरच धावायचं असतं, केलेली मेहनत वाया जात नाही, आणि नोकरी अठ्ठावन्नपर्यंत. यावर माझ्याशी भांडलेले लोक आहेत. एक निवृत्त सुभेदार मला म्हणाले, ‘देशसेवेला वयाचा हिशेब लावतोस?’ लावतो. देशसेवा चार वर्षांची, घर चाळीस वर्षांचं.

आणि आत असताना शिकत राहा. इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची पदवी आणली आहे, तिच्यात निम्मे श्रेयांक नोकरीतल्या प्रशिक्षणाचेच धरतात. रात्री मोबाइलवर रील बघत पडलेला आणि पुस्तक उघडलेला, या दोघांत चार वर्षांनी काय फरक पडतो ते सांगायला नको.

पैशापाण्याचं झालं. आता जे कोणी विचारत नाही ते. रोजचा दिवस कसा असतो?

पोरांच्या डोक्यात बंदूक आणि बर्फ असतो. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रंगरूट म्हणून पोचलात की पहिले कित्येक आठवडे झाडू, पॉलिश आणि धावपळ. बेळगावचा पाऊस सुरू झाला की बूट वाळतच नाहीत. ओल्या बुटांवर पॉलिश बसत नाही, आणि चमक नसली की उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, रगडा लावतो, म्हणजे शिक्षा म्हणून घाम काढतो. ‘पाऊस होता साब’ म्हणालात की रगडा दुप्पट. इथेच काही पोरं मनातून तुटतात. शरीर टिकतं, पण ‘का?’ हा प्रश्न गिळायला जमत नाही. ज्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, ज्याला घरात कोणी आवाज चढवला की जेवण जात नाही, त्याने प्रामाणिकपणे विचार करावा. यात कमीपणा नाही, स्वभाव आहे. उलट घरात दुर्लक्षलेली, मधली, फारसं न बोलणारी पोरं तिथे खुलताना मी पाहिली आहेत. त्यांना पहिल्यांदा कोणीतरी नावाने हाक मारतं. पलटणीबाहेरचे सगळे जण प्रत्येक मराठा जवानाला ‘गणपत’च म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

पलटणीत गेल्यावरही रोज चकमक नसते. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, क्वार्टर गार्डची ड्यूटी, गवत कापणं, पाहुणे येणार म्हणून दगडांना चुना, खेळ, परेड. फील्डला, म्हणजे सीमेकडे गेलात की वाट बघणं. आम्ही द्रासच्या बाजूला एका पोस्टवर होतो. पत्र्याच्या खोलीत मध्यभागी रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. ती रात्रभर चालते, आणि सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. पाणी म्हणजे बर्फ डब्यात भरून वितळवायचा. त्यात खडे आणि रॉकेलचा वास. संतरी ड्यूटी बदलून आत आलो की बोटं लगेच बुखारीजवळ न्यायची नाहीत, आधी काखेत धरायची, हे मला आमच्या हवालदाराने पहिल्याच रात्री सांगितलं. छपरावर बर्फ साचला की मध्यरात्री उठून फावड्याने उतरवायचा, नाहीतर पत्रा वाकतो. शत्रू क्वचित दिसायचा. कंटाळा रोज दिसायचा. कंटाळ्यात सावध राहणं हीच खरी नोकरी.

त्याच हिवाळ्यात धाकट्या भावाचं लग्न होतं. रजा मंजूर झाली, ट्रंक भरली आणि श्रीनगरकडे उतरणारी जोजिला खिंड बंद झाली. वरून बर्फ पडतोय, हेलिकॉप्टर उडत नाही. लग्न झालं, सत्यनारायण झाला, आणि मग मी श्रीनगरला उतरलो. कोणाची चूक नाही. पण असे प्रसंग प्रत्येक फौजीच्या घरात आहेत, आणि त्यांची खरी किंमत बायको भरते. मुलाला ताप, सासूचं ऑपरेशन, शाळेचं ॲडमिशन, सगळं तिच्या अंगावर. कायम जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ रजा मिळते. अग्निवीराला वार्षिक रजा तीस दिवस. लग्न ठरवताना मुलीला हे आकडे सांगा. भरतीच्या वेळी तर तुम्ही अविवाहितच असायला हवं.

मुलींनाही हा प्रश्न पडतो, आणि हल्ली जास्त पडतो. अग्निवीर म्हणून आर्मीत त्यांना मिलिटरी पोलीसमध्येच जागा आहे, उंची १६२ सेंटीमीटर लागते. पण एनडीए त्यांना खुली झाली आहे: २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तिथून पास होऊन बाहेर पडल्या. म्हणून बारावीतल्या मुलीला मी अग्निवीरबद्दल बोलतच नाही, थेट एनडीएचा फॉर्म भरायला सांगतो.

एवढं ऐकूनही जायचं ठरलं, तर आनंद आहे. आता आधी संगणकावरची लेखी परीक्षा होते, तीत निवडलेलेच मैदानावर जातात. मैदानावर साडेपाच मिनिटांत १.६ किलोमीटर धावलात तर पूर्ण ६० गुण, दहा बीम (पुल-अप्स) काढलेत तर ४०. आपल्या भागाला जनरल ड्यूटीसाठी उंची १६८ सेंटीमीटर, छाती ७७ आणि पाच फुगवून. अटी थोड्याफार बदलतात, तेव्हा त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नको.

अकादमीची फी भरायच्या आधी मेडिकल मात्र गावातच करून घ्या. वर्षभर धावून शेवटी गुडघे एकमेकांना लागतात, तळवे सपाट आहेत, रंग ओळखता येत नाहीत म्हणून परत आलेली पोरं बघवत नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरला डोळे, कान, दात, व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा) दाखवा. कानातल्या मळापायी सुद्धा अडवतात, तो आधी काढून घ्या. आणि दंडावर शिवमुद्रा गोंदवायची हौस आवरा. गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर चालतं, दंडावर किंवा छातीवर चालत नाही. तिथे महाराजांचं आहे म्हणून सूट मिळत नाही.

भरती करून देतो म्हणणाऱ्या एजंटाचं गणितही समजून घ्या. तो वीस पोरांकडून पैसे घेतो आणि काहीही करत नाही. त्यातले चार-पाच स्वतःच्या पायावर पास होतात. त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांचे ‘यावेळी सेटिंग झालं नाही’ म्हणून परत करतो आणि प्रामाणिक म्हणून नाव कमावतो.

राहिलं कागदपत्रांचं. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं हे सगळं अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच बघा. एकीकडे ‘पाटिल’ आणि दुसरीकडे ‘पाटील’ असेल तर उद्याच दुरुस्तीला टाका. त्याला महिने लागतात, आणि पहाटे चारला मैदानाच्या गेटवर तुमचं कोणी ऐकून घेत नाही.